जुनी दमणी दुरुस्त कशी करावी?

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावची यात्रा सुरू होते. माळेगाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात आहे. तिथे खंडोबाचे देऊळ आहे. जनावरांचा मोठा बाजार भरतो. कंधारची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातली देवणी, ही आपली नामांकित जनावरे तिथे पाहायला मिळतात.

पूर्वी लोक यात्रेला दमणीतून जात. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. खाली कडबा, वर गोधडी, संगती भाकरीचे गाठोडे. मुक्कामाला बैल सोडले, गाडीला टेकू दिला, की तीच दमणी घर होई. मुलेबाळे आत निजत. आता लोक एसटीने नाहीतर जीपने जातात. दमणी गोठ्यामागे पडून राहते. कोणी ती सरपणाला फोडतो, लोखंड भंगारात विकतो.

तुमच्या घरी अशी दमणी आहे का? मग फोडण्याआधी ती नीट तपासा. पुष्कळ वेळा ती दुरुस्त होते.

आधी चाक, मग रंग

पुष्कळ लोक आधी रंग देतात, नवे छप्पर घालतात. गाडी झोकदार दिसते. पण चाक आतून किडलेले असले तर? गाडी उतारावर मोडेल. आत बसलेल्या बायकामुलांचे काय होईल? बैलांचेही पाय मोडतील. म्हणून आम्ही सांगतो, पैसा आधी चाकाला लावा. रंग शेवटी.

तपासणी अशी करा. गाडीखाली भक्कम ठोकळा द्या. चाक जमिनीवरून उचलले पाहिजे. मग ते हाताने फिरवा. चाक डगमगते का? एकेक आरा धरून हलवा. मधल्या तुंब्यात दाभण टोचून पाहा. दाभण सहज आत गेले, तर लाकूड कुजले किंवा वाळवीने खाल्ले असे समजा. असा तुंबा बदलावाच लागतो. आसाला चीर आहे का, तो वाकला आहे का, तेही पाहा. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असते. ती झिजली असेल तर नवी घाला. खीळ लहान, पण सारा भार तिच्या भरवशावर!

धाव का चढवतात?

चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. उन्हाळ्यात लाकूड सुकते, आकसते. मग धाव सैल होते, आरे खुळखुळतात. काही लोक चाक नदीत भिजत घालतात. लाकूड फुगते, चाक घट्ट होते. पण वाळले की पुन्हा सैल! हा उपाय दोन दिवसांचा.

खरा उपाय लोहाराकडे आहे. तो धाव कापून चाकापेक्षा किंचित लहान करतो. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतो. तापले की लोखंड वाढते. ती तापलेली धाव चाकावर बसवून लगेच पाणी ओततात. लोखंड निवते, आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. आरे बदलायचे असतील, तर ते काम सुताराकडून आधी करून घ्यावे. बाभळीचे लाकूड चांगले, पण ते वाळलेले हवे. ओले लाकूड मागून आकसते आणि सांधा ढिला पडतो.

पूर्वी सुतार-लोहारांना बलुते मिळे. आता रोख द्यावे लागते. म्हणून काम सुरू होण्याआधी दर ठरवा. कागदावर लिहा: कोणते काम, किती पैसे, किती दिवसांत. तुम्हाला आता लिहिता येते, त्याचा उपयोग करा.

छप्पर, वंगण आणि रात्र

छपराला बांबूच्या कमानी लावा. वर तट्ट्या आणि ताडपत्री बांधा. छपराचे ओझे जितके कमी तितके बैलांना बरे. आसाला वंगण घाला. कोरडा आस लवकर झिजतो, बैलही लवकर थकतात. गाडीच्या मागे लाल रेडियमची पट्टी लावा. रात्री ट्रकवाल्याला गाडी लांबून दिसली पाहिजे.

बैलांचाही विचार करा

सरकारने १९६५ साली गाडीच्या जनावरांसाठी नियम केले. हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुले सोडून गाडीत चारापेक्षा जास्त माणसे बसवू नयेत. जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये. सलग पाच तासांवर विसाव्याशिवाय चालवू नये. ऊन ३७ अंशांच्या वर जाते, तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये.

वाडवडिलांची दमणी दारात उभी राहिली, म्हणजे घराला शोभा येते. पण ती सुखरूप जाऊन सुखरूप परत आली, तरच तिची दुरुस्ती खरी.

प्रश्न

१. दुरुस्तीचा पैसा आधी कशाला लावावा? का?
२. तापलेल्या धावेवर पाणी का ओततात?
३. चाक नदीत भिजवण्याचा उपाय का टिकत नाही?
४. आपल्या गावातल्या एका जुन्या गाडीची तपासणी करा. काय काय बदलावे लागेल, ते वहीत लिहा.