तांब्या वर धर आणि थांब

बाय, पोराला ऑटिझम आहे म्हटल्यावर जो तो तुला थेरपीचे तास सांगणार. आठवड्याला चाळीस म्हणे! हा आकडा अमेरिकेतल्या लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासातला. तेवढी थेरपी मिळालेली मुलं त्यात होती 19. पुढे 2021 मध्ये सॅली रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी 87 लहानग्यांत आठवड्याचे 15 आणि 25 तास ताडून पाहिले. वर्षभराने एकूणात फरक दिसला नाही. मी नातवाला घेऊन थेरपीसाठी कल्याणच्या वाऱ्या केल्यात. पोर वाटेत कर्जतलाच रडकुंडीला यायचं.

थेरपीला जा, पण दाराबाहेर बाकड्यावर बसू नकोस. आत बस, "मला शिकवा" म्हण. गोव्यात 'संगाथ' संस्थेने आणि तिकडे रावळपिंडीत हेच करून पाहिलं. आईबापांना शिकवणारे डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते. सहा महिन्यांत 12 बैठका. आईबाप पोराशी खेळतानाचं चित्रीकरण त्यांनाच दाखवायचं. 65 मुलांवरचा तो निकाल 2016 मध्ये छापून आला. आईबाप पोराच्या कलाने घ्यायला लागले आणि पोरं आपणहून जवळ यायला लागली.

घरी आंघोळीपासून सुरू कर. एक तांब्या अंगावर ओत, दुसरा वर धर आणि थांब. "अजून?" एवढंच विचार, मनात दहा मोज. तो बघेल, हात ओढेल, नुसता 'उं' करील. लगेच ओत. "पाणी म्हण, पाणी म्हण" अशी भुणभुण नको. मी महिनाभर तेच केलं, तर पोर बादलीकडे फिरकेना.

खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसला तर हिसकावू नकोस, शेजारी बसून तूही फिरव. तुमचा खेळ पाच मिनिटं नवऱ्याला फोनवर टिपायला सांग. रात्री बघशील तेव्हा कळेल, आपण किती बडबडतो. आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीचा तांब्या नवऱ्याच्या हातात दे. हे सगळं आईच्याच गळ्यात कशाला?

कानाची तपासणी राहिली असेल तर आधी ती उरक. झटके येत असतील, स्वतःला मारून घेत असेल, तर डॉक्टरच गाठ.

आपल्याकडे कार्तिकात बोंबल्या विठोबाची यात्रा भरली की सगळे म्हणतील, पोराला घरी ठेव. घेऊन जा, पण सकाळी, दुकानं मांडताहेत तोवर, कर्णे सुरू व्हायच्या आत. सुक्या मासळीच्या वासाने बिथरला तर मागे फिर. पाळण्यापाशी थांबला तर तूही थांब. तुझं बोट ओढेपर्यंत तिकीट काढू नकोस.