ताईला लंडन दाखवताना

ताईला लंडन बघायला नेणार आहेस म्हणालीस, म्हणून आधीच कानात सांगून ठेवते. तुझी आई 'दमले' असं कधीच म्हणणार नाही. 'तू आत जाऊन ये, मी इथे बसते' म्हणाली, की गुडघे दुखायला लागले समज. शाल, पर्स उगाच सारखी करत मागे रेंगाळली तरी तेच. त्याआधीच तू 'मला चहा हवाय' म्हणायचं. तुझ्यासाठी ती थांबेल, स्वतःसाठी नाही.

भुयारी रेल्वेत पुष्कळ ठिकाणी जिने आहेत; कव्हेंट गार्डनच्या जिन्याला तर 193 पायऱ्या. त्यापेक्षा बस धर. 24 नंबरची बस पार्लमेंट, ट्रॅफल्गार चौक करत टॉटनहॅम कोर्ट रोडने कॅमडेनला जाते. बसल्या बसल्या निम्मं लंडन दिसतं. खालीच बसा, चालत्या बसमध्ये वरून जिना उतरणं धोक्याचं. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत आणि दोघींना दोन वेगळी कार्डं लागतात. एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात बस बदलली तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. तेव्हा वाटेत काही आवडलं तर खुशाल उतरा.

ठिकाणं मात्र दोनच ठेव. सकाळी ब्रिटिश म्युझियम. फुकट आहे म्हणून सगळं बघायचा हट्ट नको. थेट अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांकडे ने. चाकाची खुर्ची मागितली तर मिळते. ताई नको म्हणेल, तरी तू चौकशी करून ठेव. मधल्या मोठ्या चौकातलं गोल वाचनालय तिला आवर्जून दाखव. बाबासाहेब आंबेडकर तिथे वाचत बसायचे.

तिथून निघताना बाथरूमला नेच. पुढे रस्त्यात सोय पटकन सापडत नाही, आणि त्या धास्तीने आपल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. संध्याकाळी डोकं दुखतं ते त्यामुळे. बाटली तूच तिच्या हातात देत राहा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू दे. विकतचं काही घेतलंस तर त्याचे रुपये करून सांगू नकोस, ती घासही घेणार नाही.

दुपारी 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब राहिले ते घर. 2015 साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. उघडं कधी असतं ते आदल्या दिवशी बघून ठेव. कॅमडेनहून टॅक्सी कर, तिथे पैसे वाचवू नकोस. आत जिने आहेत, सावकाश चढू दे. वर्षानुवर्षं तिने वर्गात मुलांना बाबासाहेब शिकवले, त्या खोल्यांमध्ये तिला घाई करू नकोस. टॉवरमधला कोहिनूर राहिला तरी चालेल.

आणि उतरलात तिथला पत्ता नि तुझा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून सकाळीच तिच्या पर्समध्ये टाक. फोनमध्ये आहे म्हणून भागत नाही. चार्जिंग संपलं की तो कागदच कामाला येतो.