घटक ५ : सामायिक फोल्डरची आपोआप जोडणी

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• सामायिक फोल्डर ‘जोडणे’ म्हणजे काय, हे सांगता येईल.
• संगणक सुरू होताना ही जोडणी आपोआप कशी होते, हे स्पष्ट करता येईल.
• जोडणी न झाल्यास उद्भवणारा धोका ओळखून त्यावर उपाय सुचविता येतील.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण लोकसाहित्याच्या क्षेत्रीय संकलनाचा विचार केला. संकलित सामग्री सुरक्षित ठेवणे हाही संशोधनाचाच भाग आहे. समजा, भद्रावती येथील एका अभ्यासगटाने चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील झाडीबोलीतील ओव्या आणि दंडारीतील गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. ध्वनिमुद्रणे व त्यांच्या लिखित संहिता एका मुख्य संगणकावर असून गटातील चार सदस्य आपापल्या संगणकांवरून त्यांवर काम करतात. वृद्ध गायिकेने गायिलेली ओवी पुन्हा त्याच रूपात मिळेलच असे नाही. म्हणून अशा गटाच्या दृष्टीने हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ जोडणीचे स्वरूप

सामायिक फोल्डर प्रत्यक्षात मुख्य संगणकावरच असतो. आपल्या संगणकावर असते ते त्याचे प्रवेशद्वार. लिनक्स प्रणालीत यासाठी आधी एक रिकामा फोल्डर तयार करतात. त्याला आपण ‘जोडबिंदू’ म्हणू. जोडणी झाली की या फोल्डरमध्ये मुख्य संगणकावरील सामग्री दिसू लागते. या देवघेवीचे नियम ठरलेले आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये ‘एनएफएस’ ही पद्धती आणली. विंडोजमध्ये ‘एसएमबी’ ही पद्धती रूढ आहे आणि ‘सांबा’ या मुक्त आज्ञावलीमुळे लिनक्स संगणकही तिच्याद्वारे फोल्डर पुरवू शकतो.

५.२.२ आपोआप जोडणीची व्यवस्था

विंडोजमध्ये ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ ही सोय वापरून फोल्डरला एक ड्राइव्ह-अक्षर देतात आणि साइन-इन करताना पुन्हा जोडण्याचा पर्याय निवडतात. येथे जोडणी वापरकर्ता आत आल्यावर होते, हे लक्षात घ्यावे. लिनक्समध्ये मात्र ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक जोडणीसाठी एक ओळ लिहितात. तिचे सहा भाग असतात : सामग्रीचा मूळ पत्ता, जोडबिंदू, पद्धतीचा प्रकार, पर्याय आणि शेवटचे दोन अंक. सामायिक फोल्डरसाठी हे दोन्ही अंक शून्य ठेवतात. ही फाइल सर्वांना वाचता येते. म्हणून पासवर्ड तिच्यात न लिहिता, केवळ प्रशासकाला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा.

५.२.३ क्रमाचा प्रश्न

वीज जाऊन परत आली की सर्व संगणक एकाच वेळी सुरू होतात. मुख्य संगणक तयार होण्यापूर्वीच सदस्याच्या संगणकाने जोडणीचा प्रयत्न केला, तर तो फसतो. परंतु जोडबिंदू असलेला रिकामा फोल्डर तेथेच असतो आणि तो नेहमीप्रमाणे उघडतोही. सदस्य त्यात दिवसभराची संहिता साठवतो. ती प्रत्यक्षात त्याच्याच संगणकावर राहते. इतरांना ती दिसत नाही आणि मुख्य संगणकाच्या सुरक्षा-प्रतीतही येत नाही. पुढे जोडणी झाली की ती संहिता सामायिक सामग्रीखाली झाकली जाते. ती पुसली गेलेली नसते. जोडणी सोडविल्यावर पुन्हा दिसते. हे ठाऊक नसल्यास मात्र ती हरवली, असाच समज होतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पर्यायांत ‘नेटडेव्ह’ लिहिणे. त्यामुळे नेटवर्क सुरू झाल्यावरच जोडणीचा प्रयत्न होतो. मात्र मुख्य संगणक तयार आहे की नाही, हे यातून कळत नाही. दुसरा, ‘ऑटोमाउंट’ पर्याय. यात फोल्डर प्रथम उघडला जातो तेव्हा जोडणी होते आणि ती न झाल्यास रिकामा फोल्डर न उघडता त्रुटीचा संदेश मिळतो. तिसरा, जोडणी नसताना जोडबिंदूत सामान्य वापरकर्त्याला लिहिता येणार नाही, अशी परवानगी ठेवणे. चुकीच्या जागी मुकाट्याने साठवले जाण्यापेक्षा साठवण्यास नकार मिळणे केव्हाही हितावह.

५.३ सारांश

आपोआप जोडणी श्रम वाचविते. परंतु ती झाली आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी वापरकर्त्याचीच असते. तसेच जोडणी म्हणजे सुरक्षा-प्रत नव्हे. एका सदस्याने पुसलेली फाइल सर्वांसाठीच पुसली जाते. म्हणून मुख्य संगणकावरील सामग्रीची प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक आहे.

५.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘जोडबिंदू’ ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.
२. जोडणीपूर्वी साठवलेली फाइल नंतर का दिसत नाही?
३. ‘नेटडेव्ह’ आणि ‘ऑटोमाउंट’ या पर्यायांतील फरक सांगा.
४. उपक्रम : आपल्या परिसरातील ग्रंथालयात किंवा कार्यालयात सामायिक फोल्डर वापरला जात असल्यास, वीज गेल्यानंतर कोणता संगणक आधी सुरू करतात याची माहिती घेऊन दहा ओळींची टिपणी लिहा.