खेळणारा जीव

वाचन : स्तोत्रसंहिता १०४:२४-२६

आमच्या अवधपुरीच्या शब्बाथशाळेत हा पाठ घेत असता एका मुलाने विचारले, "समुद्रातला प्राणी खेळण्यासाठी निर्माण केला, तर तो काम केव्हा करतो?" मुले हसली, आम्हीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. खेळ म्हणजे वेळेचा नाश असे आपण मुलांना सांगत आलो. स्तोत्रकर्ता मात्र खेळाची गणना देवाच्या कृत्यांत करतो. उदाहरणादाखल डॉल्फिन पाहू.

डॉल्फिन मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो आणि मादी पिलास दूध पाजते. कोकणात मुरूड-हर्णै व तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन दिसतात. डॉल्फिनांच्या कित्येक जाती धावत्या जहाजापुढील लाटेच्या रेट्यावर स्वार होतात, तर काही शेवाळाचा तुकडा परावरून शेपटीवर झेलतात. हाच जीव बुद्धीनेही तल्लख आहे. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे काही माद्या समुद्रतळ उकरताना चोच खरचटू नये म्हणून तीवर स्पंज धरतात. ही युक्ती पिले आईकडून शिकतात. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात दोन डॉल्फिनांच्या अंगावर खुणा केल्या, तेव्हा त्यांनी आरशात त्या न्याहाळल्या, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. खेळता खेळताच पिले पोहणे, शिकार व सोबत शिकतात, असे अभ्यासक मानतात. त्या मुलाला पुढल्या रविवारी आम्ही हेच उत्तर दिले.

परंतु त्याचा खेळ आपल्या करमणुकीसाठी आहे काय? हौदात कोंडून डॉल्फिनांचे खेळ करण्यास परवानगी देऊ नये, असे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ रोजी राज्यांना कळविले. तरीही उघड्या समुद्रावर होड्या कळपामागे लागतात. तेव्हा ज्या उडीला आपण टाळ्या वाजवितो, ती कदाचित जीव घेऊन पळण्याची असते.

भोपाळहून समुद्र दूर आहे, म्हणून आपण मोकळे नाही. आपल्या राज्याच्या सीमेवरील चंबळेत गंगेचा डॉल्फिन राहतो. तो जवळजवळ आंधळा असून आवाजाच्या प्रतिध्वनीने वाट काढतो. २००९ साली त्यास राष्ट्रीय जलचर ठरविण्यात आले. तरी मासेमारीच्या जाळ्यांत तो अडकून मरतो.

वर्गात विचारावे :
१. मुलाचा कोणता खेळ आपण या आठवड्यात विनाकारण मोडला?
२. होडीत बसल्यावर नावाड्याला आपण काय सांगू : "जवळ घ्या" की "थांबा"?