धनेश पक्षी व धुऱ्यावरील पोकळ वृक्ष

जुना वृक्ष आतून पोकळ झाला म्हणजे तो केवळ सरपणाच्या कामाचा, असे आपण समजतो. परंतु अशा पोकळीवरच ज्याचा वंश अवलंबून आहे, असा एक पक्षी भंडारा जिल्ह्यात राहतो. त्याचे नाव राखी धनेश. कोक्याचे रान, तसेच १९९९ सालापर्यंत ह्याच जिल्ह्यात असलेले नागझिऱ्याचे रान, ही त्याची वसतिस्थाने होत. गावालगतच्या आमरायांतही तो येतो.

ह्याची लांबी सुमारे दोन फूट, रंग राखी व शेपटी लांब असून तिचे टोक पांढरे असते. मोठ्या वाकड्या चोचीवर लहानसे शिंग असते. वड, पिंपळ, उंबर इत्यादिकांची फळे हा त्याचा मुख्य आहार होय. किडे व सरडेही तो खातो. धान्य हे त्याचे खाद्य नव्हे. उलट, खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर टाकून तो वृक्षांचा प्रसार करितो.

उन्हाळ्यात विणीच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा व नराने आणलेली माती ह्यांनी तिचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर काढण्यापुरती एक उभी फट तेवढी राखली जाते. आत ती १ ते ५ अंडी घालते व ती सुमारे २१ दिवस उबविते. ह्या कोंडवासात तिच्या पंखांची पिसे गळून पडतात, त्यामुळे तिला उडता येत नाही. नर फळे गिळून आणितो व एकेक बाहेर काढून फटीतून भरवितो. पिले काहीशी वाढल्यावर मादी भिंत फोडून बाहेर येते.

ह्यावरून शेतकरी बंधूंनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. धनेशाचे तेल संधिवातावर गुणकारी असते, ह्या समजुतीने त्याची हत्या होते. ह्या समजुतीस वैद्यकीय आधार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये ही हत्या गुन्हा आहे. शिवाय विणीच्या दिवसांत एक नर मारला गेला, तर कोंडलेले सारे कुटुंबच उपासमारीत सापडते.

दुसरी गोष्ट अशी की, सुतारपक्ष्याप्रमाणे धनेशास ढोली कोरता येत नाही. मोठी ढोली तयार होण्यास वृक्षाचे कित्येक दशकांचे आयुष्य खर्ची पडते, व एकच ढोली वर्षानुवर्षे वापरली जाते. तेव्हा धुऱ्यावरील किंवा तलावाच्या पाळीवरील असा एखादा जुना वृक्ष राखून ठेवावा. तोडणे अपरिहार्यच झाले, तर निदान चैत्र ते आषाढ कुऱ्हाड लावू नये व तत्पूर्वी ढोली तपासून पाहावी. सरपण दुसरीकडून मिळेल. ढोली पुन्हा मिळण्यास आपल्या नातवंडांचा काळ यावा लागेल.