मोझेइकची जमीन आणि तिची निगा

शाळा, रुग्णालये, ग्रंथालये आणि असंख्य घरे यांतून ठिपक्याठिपक्यांची जी जमीन आपल्या पायांखाली असते, तिला आपण मोझेइक म्हणतो. वास्तविक हे नाव चुकीचे आहे. रंगीत काचांचे वा दगडांचे तुकडे एकेक जुळवून रचलेले चित्र ते मोझेइक. आपल्या जमिनीचे खरे नाव टेराझो. हा शब्द इटालियन असून व्हेनिसच्या परिसरातील कारागिरांनी संगमरवराच्या टाकाऊ कपच्यांपासून जमीन करण्याची ही कला वाढविली. परंतु रूढ नाव सहसा हटत नाही, तेव्हा येथेही तेच वापरू.

सिमेंट व संगमरवराची पूड यांच्या मिश्रणात संगमरवराच्या कपच्या घालून हा थर देतात. तो पक्का झाला म्हणजे पाणी ओतीत कार्बोरंडमच्या दगडाने घासतात. प्रथम ६० क्रमांकाच्या भरड, मग १२० च्या आणि अखेर ३२० च्या बारीक दगडाने. प्रत्येक घासणीत आधीचे ओरखडे जाऊन त्यांहून सूक्ष्म ओरखडे उमटतात. ते डोळ्यांस दिसेनासे झाले की पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करू लागतो. म्हणजे चकाकी हा मुख्यतः वरून दिलेला लेप नसून पृष्ठभागाचा सपाटपणा होय. एवढे ध्यानात आले की निगा राखण्याचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

संगमरवरातील कॅल्साइटची कठिनता मोस यांच्या मापक्रमात ३ आहे, तर वाळूतील गारेची ७. पादत्राणांबरोबर आलेली वाळू ओल्या फडक्याखाली फिरली, तर जमीन पुसली न जाता घासली जाते. म्हणून आधी केर काढावा, मगच पुसावे. आणि दाराशी पायपुसणे असावे.

याहून मोठा शत्रू अम्ल. मोझेइकच्या फरशीच्या फुटक्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकून अर्ध्या तासाने तो धुऊन पाहावा. तेवढीच जागा निस्तेज झालेली दिसेल. रसातील अम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून गेला. स्वयंपाकघरातील ओट्यावर चिंच, कोकम, व्हिनेगर हेच करतात. सांडताच पुसून घेणे हाच उपाय. बाजारात ‘ॲसिड’ म्हणून मिळणारे हायड्रोक्लोरिक अम्ल तर फारच तीव्र. त्याने धुतलेली जमीन त्या दिवशी स्वच्छ दिसते, कारण मळाबरोबर जमिनीचाच वरचा पापुद्रा गेलेला असतो. उरलेल्या खरबरीत पृष्ठावर मळ अधिक बसतो, आणि पुढच्या महिन्यात अम्ल अधिक लागते! हे अम्ल ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो प्राणावरही बेतू शकतो. हे दोन पदार्थ कधीही एकत्र करू नयेत.

येथे चौकस विद्यार्थी विचारील की, पॉलिश करणारे कारागीर तर ऑक्झॅलिक अम्लच वापरतात, ते कसे? या अम्लापासून होणारे कॅल्शियम ऑक्झॅलेट पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असते. ते पृष्ठावरच राहते आणि क्रिया खोलवर जात नाही. तरीही हे अम्ल विषारी आहे. घरगुती सफाईत त्याला स्थान नाही.

धुण्याचा सोडाही रोज वापरू नये. त्याचे क्षार रंध्रांत शिरून सुकताना स्फटिकरूप होतात व पृष्ठ आतून उकलतात. साबण आणि जड पाणी यांचा संयोग झाला की चिकट थर बसतो. सौम्य, उदासीन साबणद्रवाचे काही थेंब बादलीभर पाण्यात पुरेत. नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावे.

वर्गात शाई सांडली तर ती चोळू नये, टिपून घ्यावी. तेलाचा डाग केशाकर्षणाने रंध्रांत उतरतो, तेव्हा त्याला त्याच मार्गाने वर आणावे लागते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून दाट लेप द्यावा, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी कागद काढून लेप सुकू द्यावा. सुकताना तो तेल शोषून घेतो. जुन्या डागास हे दोनतीनदा करावे लागते.

अम्लाने गेलेली चकाकी मात्र कोणत्याही द्रवाने परत येत नाही. तेथे पुन्हा दगडच लावावा लागतो, आणि प्रत्येक घासणीत मुळातच पातळ असलेला तो थर थोडाथोडा झिजत जातो.