तीन मुलं, तीन इयत्ता आणि एकच घर

प्रश्न : आमची मुलं १२, ९ आणि ५ वर्षांची आहेत. तिघांनाही घरीच शिकवायचं ठरवलंय. प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा ठेवावा का? घरकाम सांभाळून हे कसं जमवावं?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तीन पूर्ण अभ्यासक्रम अंगावर घेऊ नका. गणित आणि वाचन-लेखन ज्याच्या त्याच्या पातळीनुसार घ्या. विज्ञान, इतिहास, परिसर अभ्यास मात्र एकत्र. विषय ‘पाऊस’ असेल, तर धाकट्याने चित्र काढावं, मधल्याने रोजची नोंद ठेवावी, थोरल्याने तिचा आलेख काढावा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात.

परीक्षेची घाई नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात; उत्तीर्ण होण्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

सकाळी आधी धाकट्याला वेळ द्या. मग तो निवांत खेळतो आणि मोठ्यांकडे लक्ष देता येतं. एखादा विषय मुलांच्या वडिलांकडे सोपवा आणि घरकामाची मुलांमध्येही वाटणी करा. सगळा भार एकटीवर राहिला, तर उत्तम अभ्यासक्रमही टिकणार नाही.